गोळ्याचा भाव आणि खनिजाचा हिशोब



खनिज दळणाऱ्या गिरणीत कोणते गोळे टाकावेत, हा प्रश्न स्मृतिव्याख्यानासाठी फार लहान आहे असे कुणाला वाटेल. खाणीच्या कारभारात तो बहुधा खरेदी विभागाच्या टेबलावर येतो आणि दरपत्रकावर सही झाली की संपतो. पण जमिनीतून काढलेल्या दगडातला किती धातू आपल्या हाती लागतो आणि किती टेलिंगच्या, म्हणजे प्रक्रियेनंतर उरलेल्या गाळाच्या तळ्यात कायमचा जातो, हे काही अंशी या सहीवर ठरत असते. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. गोळा हा केवळ दगड फोडणारा हातोडा नाही. तो गिरणीत झिजतो, पाण्यात विरघळतो, खनिजाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो, म्हणजेच रसायनासारखा वागतो. म्हणून त्याची निवड टनामागच्या भावावर किंवा नुसत्या टिकाऊपणावर करता येत नाही. त्याच्या संगतीत दळलेले खनिज पुढे कसे वागते, यावर ती केली पाहिजे. पुराव्यांच्या आधारे मी हे मांडणार आहे, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही विचारात घेणार आहे, कारण त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत.

आधी दळण्याची गरज पाहू. तांबे, जस्त किंवा शिसे यांची खनिजे दगडात बारीक कणांच्या रूपाने अडकलेली असतात. शंभर किलो तांबेखनिजात प्रत्यक्ष तांबे अनेकदा एक किलोही नसते. तो कण मोकळा करायचा तर सगळा दगड त्या कणाच्या आकाराएवढा, म्हणजे साधारण शंभर मायक्रॉन किंवा त्याहून बारीक दळावा लागतो. एका टनाला दहा ते वीस युनिट वीज सहज लागते. धातूच्या बहुतेक खाणींत विजेचा सर्वांत मोठा ग्राहक ही दळणाची गिरणीच असते. आडवे, लोखंडी कवचाचे, आतून लायनर बसवलेले पिंप. त्यात तिसरा हिस्सा किंवा थोडे अधिक गोळे. वर खनिज आणि पाणी. पिंपाच्या ज्या वेगाला गोळे भिंतीला चिकटून गरगर फिरतील त्याला क्रांतिक वेग म्हणतात, आणि गिरणी त्याच्या सुमारे सत्तर-पंचाहत्तर टक्के वेगाने चालवतात. पाच मीटर व्यासाच्या पिंपासाठी हा वेग मिनिटाला चौदा फेऱ्यांच्या आसपास येतो. गोळे वर चढतात, कोसळतात, एकमेकांवर घासतात, आणि मध्ये सापडलेला कण फुटतो.

या चित्रात पहिली निवड आकाराची, आणि तिथे गणित बरेच स्पष्ट आहे. 125 मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा सुमारे आठ किलोचा असतो. एका टनात असे सव्वाशे गोळे बसतात. 50 मिलिमीटरचा गोळा अर्ध्या किलोचा. टनात जवळजवळ दोन हजार. 25 मिलिमीटरचे घेतले तर पंधरा हजारांहून जास्त. व्यास निम्मा केला की संख्या आठपट होते आणि त्याच एका टनाचे पृष्ठफळ दुप्पट होते. बारीक दळताना कणाला मोठ्या घावापेक्षा वारंवार भेटणाऱ्या पृष्ठभागाची गरज असते, म्हणून लहान गोळा फायद्याचा. पण लहान गोळ्याच्या अंगी मोठा खडा फोडण्याचे बळ नसते. फ्रेड बाँड यांनी 1952 मध्ये दळणाच्या ऊर्जेचा आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. गोळ्याच्या आकारासाठी त्यांनी दिलेल्या सूत्राचा गाभा असा की, येणारा कण चौपट मोठा असेल तर गोळ्याचा व्यास दुप्पट हवा. गिरणीत सगळा भरणा एकाच मापाचा राहतही नाही. रोज वरून ठरावीक मापाचे नवे गोळे टाकायचे, जुने झिजून लहान होत जातात, आणि काही महिन्यांनी सर्व मापांचा एक स्थिर समतोल तयार होतो. 1919 मध्ये डेव्हिस यांनी झीज गोळ्याच्या वजनाच्या प्रमाणात होते असे मानले होते. पुढच्या काळात अनेक गिरण्यांतल्या मोजमापांनी ती पृष्ठफळाच्या प्रमाणाच्या जवळ जाते असे दाखवले. हा फरक कागदी नाही. झीज पृष्ठफळाच्या प्रमाणात असेल तर लहान गोळ्यांचा भरणा दर टनामागे अधिक लोखंड पाण्यात सोडणार, हे त्यातून सरळ निघते.

दुसरी निवड पदार्थाची. क्वार्ट्झ हा जवळजवळ प्रत्येक दगडात असणारा घटक, आणि त्याची कठीणता व्हिकर्स मापावर हजाराच्या आसपास. कडक केलेल्या पोलादातली मार्टेन्साइटची घडण साधारण सातशे-आठशेपर्यंत जाते. म्हणजे क्वार्ट्झ पोलादाला ओरखडतो. उच्च-क्रोम ओतीव लोखंडात बारा ते तीस टक्के क्रोमियम असते आणि त्यातली क्रोम-कार्बाइडे बाराशेच्या वर, कधी अठराशेपर्यंत कठीण असतात. ही कार्बाइडे क्वार्ट्झलाच पुरून उरतात. सिमेंट कारखान्यांत दळण कोरडे असते. तिथे उच्च-क्रोम गोळे आल्यावर झीज इतकी उतरली की साध्या पोलादी गोळ्यांची जागा त्यांनी जवळजवळ पूर्णपणे घेतली. सिमेंटमधला हा विजय पाहून धातूच्या खाणींतही तेच करावे असे अनेकांना वाटले. पण खाणीतले दळण ओले असते, आणि पाणी आले की हिशोब बदलतो. लोखंडाची झीज तिथे घासण्याने होते तशी गंजण्यानेही होते, आणि गंजाला कठीणतेशी फारसे देणेघेणे नसते.

गोळ्यातून सुटलेले हे लोखंड जाते कुठे? नव्याने टाकी लावलेल्या जात्यातले पहिले पीठ घरोघरी बाजूला काढत, कारण त्यात दगडाची कच उतरलेली असे. खनिजाच्या गिरणीत तशी सोय नसते. दर टनामागे अर्धा ते एक किलो पोलाद झिजते आणि ते सगळे स्लरीतच, म्हणजे खनिज-पाण्याच्या लगद्यातच राहते. आता गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा एकच कण जवळून पाहू. तो वीज वाहून नेतो, आणि पोलादाच्या तुलनेत तो उच्च विभवाचा असतो. गोळा त्याला टेकला की दोघांत एक लहानसा विद्युतघट तयार होतो. पोलादाच्या बाजूला लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. सल्फाइडच्या बाजूला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड बनवतो. दोन्ही एकत्र आले की लोहाचा हायड्रॉक्साइड गॅलेनाच्या अंगावरच बसतो. गॅलेनाला बुडबुड्याला चिकटायला लावणारे झँथेट या थराखाली झाकल्या गेलेल्या पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही, आणि हा थर स्वतः पाण्याला धरून ठेवतो. फ्लोटेशनच्या टाकीत, म्हणजे जिथे हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून खनिज वर तरंगवतात तिथे, जो कण वर यायला हवा तो खाली बसतो. पायराइट, म्हणजे लोखंडाचे सल्फाइड, तर याहून उच्च विभवाचा, म्हणून पायराइट असलेल्या खनिजात पोलादाचा ऱ्हास अधिक वेगाने होतो. शिवाय या क्रियेत स्लरीतला ऑक्सिजनही खर्ची पडतो, आणि फ्लोटेशनला त्याची गरज असतेच.

ही केवळ कल्पना नव्हे, हे सांगणारे काम भारताशीही जोडलेले आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात इवाओ इवासाकी आणि त्यांच्यासोबत के. ए. नटराजन यांनी 1980 च्या दशकात गोळ्यांची झीज आणि सल्फाइड खनिजांचे फ्लोटेशन यांचा संबंध विद्युतरसायनाच्या पद्धतीने तपासला. नटराजन यांनी पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ संशोधन केले. पोलाद आणि पायरोटाइटसारखे खनिज पाण्यात एकमेकांना लावले की वाहणारा प्रवाह मोजता येतो, ऑक्सिजन काढून नायट्रोजन भरला की तो उतरतो, आणि फ्लोटेशनचा निकाल त्यानुसार बदलतो, हे अशा प्रयोगांनी दाखवले. इथे पहिला आक्षेप येतो. एकूण झिजेत गंजण्याचा वाटा किती यावर एकमत नाही; वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे दहा टक्क्यांच्या आतपासून निम्म्याच्याही वरपर्यंत पसरलेले आहेत. मग इतक्या अनिश्चित गोष्टीवर खरेदीचे धोरण कसे बांधायचे? माझे उत्तर असे की, हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत कारण ते वेगवेगळ्या खनिजांचे, पाण्याचे आणि गोळ्यांचे आहेत. घासणे आणि गंजणे एकमेकांना मदत करतात: घासल्याने संरक्षक थर निघून ताजे लोखंड उघडे पडते आणि गंजल्याने मऊ झालेला थर सहज घासला जातो. त्यांना वेगळे काढून टक्केवारी ठरवणे अवघड आहे. पण फ्लोटेशनवरचा परिणाम मोजण्यासाठी ही टक्केवारी कळण्याची गरजच नाही. झीज कोणत्याही वाटेने झाली तरी लोखंड पाण्यात येते, आणि निकाल टाकीत दिसतो.

या तर्काची सर्वांत मोठी परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. तिथल्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या मॅकआर्थर रिव्हरचा जस्त-शिशाचा साठा 1955 मध्ये सापडला. खाण सुरू झाली 1995 मध्ये. मधली चाळीस वर्षे तो साठा माहीत असूनही तसाच पडून होता, कारण त्यातली खनिजे इतकी बारीक गुंफलेली होती की सात मायक्रॉनपर्यंत दळल्याशिवाय ती विकण्याजोगी वेगळी होत नव्हती. क्वीन्सलँडमधल्या माउंट आयझा इथल्या खनिजाचीही अडचण याच जातीची होती. तिथल्या तंत्रज्ञांनी आधी नेहमीच्या मार्गाने, पोलादी गोळ्यांच्या गिरण्यांत आणखी बारीक दळून पाहिले. दोन अडचणी आल्या. वीज आणि गोळे यांचा खर्च अफाट वाढला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बारीक दळूनही फ्लोटेशन अपेक्षेप्रमाणे सुधारले नाही, कारण कणांचे पृष्ठभाग गोळ्यांच्या लोखंडाने माखले होते. मोकळा झालेला कण हाती येईना. तेव्हा जर्मनीतल्या नेट्श या कंपनीच्या साथीने त्यांनी रंग-शाईच्या उद्योगात वापरली जाणारी ढवळणीची गिरणी खाणीसाठी मोठी केली. तीच आयझामिल. तिच्यात गोळे कोसळत नाहीत; फिरत्या तबकड्या बारीक मणी अतिशय वेगाने ढवळतात. आणि मणी पोलादाचे नव्हते. माउंट आयझाला कारखान्याच्या स्वतःच्या भट्टीतली दाणेदार मळी वापरली गेली. इतरत्र चाळलेली वाळू. पुढे या कामासाठी खास घडवलेले सिरॅमिक मणी आले. एक टन पोलादी गोळे 50 मिलिमीटरचे असतील तर त्यांचे पृष्ठफळ सुमारे पंधरा चौरस मीटर. दोन मिलिमीटरच्या सिरॅमिक मण्यांच्या टनात सहा कोटींहून अधिक मणी आणि आठशे चौरस मीटर पृष्ठफळ. एवढा पृष्ठभाग पोलादाचा असता तर स्लरीत किती लोखंड उतरले असते, याचा विचार केला की निष्क्रिय माध्यमाची गरज आपोआप पटते. मॅकआर्थर रिव्हरच्या यशात तिथे बसवलेल्या याच यंत्राचा वाटा मोठा आहेच, पण माध्यम बदलले नसते तर नुसत्या यंत्राने हे काम झाले नसते, असे मी मानतो.

मग सगळीकडे सिरॅमिकच का नको? हा दुसरा आक्षेप, आणि तो माझ्या बाजूने बोलणाऱ्यांच्या उत्साहाला आवर घालणारा आहे. घाव बसतो तो वजनाने. पोलादाची घनता 7.8, ॲल्युमिनाची साधारण 3.6, गारगोटीची 2.6 च्या आसपास. त्याच पिंपात हलके माध्यम भरले तर गिरणी त्याच प्रमाणात कमी शक्ती खेचते. तेवढेच काम करायला पिंप मोठे हवे. दक्षिण आफ्रिकेच्या रँड सोनखाणींत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नळीगिरण्या आल्या तेव्हा डेन्मार्कहून गारगोट्या आणल्या जात; पुढे खाणीतल्याच दगडाचे तुकडे त्यांच्या जागी वापरले गेले. माध्यमाचा खर्च जवळजवळ संपला, पण गिरण्या मोठ्या लागल्या. म्हणजे लोखंडविरहित दळण नवे नाही आणि त्याची किंमतही जुनीच माहिती आहे. मोठे खडे फोडणाऱ्या सॅग मिलमध्ये सव्वाशे मिलिमीटरच्या पोलादी गोळ्याला आज पर्याय नाही. सिरॅमिक तिथे फुटेल. त्याची जागा काही शे मायक्रॉनच्या खालच्या, पुनर्दळणाच्या टप्प्यात आहे. म्हणजे माझा दावा सिरॅमिकच्या बाजूचा नाही. प्रत्येक टप्प्याला आणि प्रत्येक खनिजाला त्याचे माध्यम शोधावे लागते, एवढाच तो आहे.

हीच गोष्ट उलट बाजूनेही तपासली पाहिजे. उच्च-क्रोम गोळ्याने लोखंड कमी सुटते म्हणून फ्लोटेशन नेहमी सुधारेल असे नाही. लोखंडाचा थर जसा गॅलेनाला दाबतो तसा पायराइटलाही दाबतो, आणि पायराइट वर येऊ नये अशीच आपली इच्छा असते. थर गेला की दोन्ही तरंगू लागतात आणि कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे वेगळ्या काढलेल्या मालाचा दर्जा घसरू शकतो. मग चुन्याची आणि इतर रसायनांची मात्रा नव्याने बसवावी लागते. सोन्याच्या खाणीत प्रश्न वेगळा: सुटलेले लोखंड सायनाइड आणि ऑक्सिजन दोन्ही खाते, म्हणून तिथे फायदा सायनाइडच्या खपात दिसतो. पेलेटसाठी लोहखनिज दळताना गोळ्याचे लोखंड उत्पादनातच जाते. तिथे प्रश्न फक्त झिजेच्या खर्चाचा उरतो आणि स्वस्त गोळा योग्यही ठरेल. काचेसाठीची सिलिका, जशी सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात निघते, तिला लोखंडाचा अंशही नको असतो, आणि चिनीमातीच्या उद्योगाने पोलादी गोळे कधीच बाजूला ठेवले आहेत. एकाच प्रश्नाची चार उत्तरे इथे मिळतात आणि चारही बरोबर आहेत. दरपत्रकाला यातले एकही उत्तर माहीत नसते.

तिसरा आक्षेप खरेदी विभागाचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. गोळ्याचा भाव आज दिसतो. रिकव्हरीतला, म्हणजे खनिजातल्या धातूपैकी हाती लागणाऱ्या हिश्श्यातला अर्धा टक्का कोण दाखवणार? खनिजाची प्रत रोज बदलते, आणि त्या चढउतारात अर्धा टक्का हरवून जातो. आधी हा अर्धा टक्का किती मोठा आहे ते पाहू. समजा, रोज दहा हजार टन दळणारा कारखाना आहे, खनिजात एक टक्का तांबे आहे आणि टनामागे 800 ग्रॅम गोळे झिजतात. रोजचे गोळे आठ टन. घासाघीस करून भावात दहा टक्के वाचवले तर बचत 800 किलो पोलादाची. रिकव्हरी अर्ध्या टक्क्याने वाढली तर रोज 500 किलो तांबे अधिक. तांब्याचा भाव पोलादी गोळ्यांच्या कित्येक पट असतो, हे सर्वांना माहीत आहे. वितळवणीचा खर्च वजा करूनही तराजू कुठे झुकतो ते स्पष्ट आहे. राहिला प्रश्न मोजण्याचा. भोके पाडून खूण केलेले निरनिराळे गोळे एकाच गिरणीत टाकायचे आणि काही काळाने वेचून त्यांचे वजन करायचे, ही झीज मोजण्याची जुनी, भरवशाची पद्धत आहे. रिकव्हरीसाठी कारखान्यात दोन समांतर गिरण्या असतील तर एकीत जुने आणि दुसरीत नवे गोळे ठेवून तेच खनिज चालवता येते, आणि रोजच्या जोड्यांची तुलना संख्याशास्त्राने करता येते. जुना भरणा पूर्ण झिजून जायला महिने लागतात, म्हणून चाचणी दीर्घ हवी. हे जिकिरीचे आहे. पण मोजायला अवघड आहे म्हणून नुकसान होत नाही असे म्हणता येणार नाही.

प्रयोगशाळांचीही यात जबाबदारी आहे. बाँडची प्रमाण चाचणी एका लहान गिरणीत 285 पोलादी गोळ्यांनी, सुमारे वीस किलोंच्या भरण्याने, कोरड्या खनिजावर होते. खनिज किती कठीण आहे हे ती उत्तम सांगते, पण पाणीच नसल्याने गोळा आणि खनिज यांच्या रसायनाबद्दल ती काही सांगू शकत नाही, आणि तिने सांगावे अशी अपेक्षाही नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा फ्लोटेशनच्या चाचणीसाठी खनिज हाताशी असेल त्या पोलादी गिरणीत दळले जाते आणि अहवालात माध्यमाची नोंदच नसते. नागपूर हे भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आहे. हिंगण्याला त्याची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आणि पथदर्शी संयंत्र आहे. जवळच बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची तांब्याची खाण आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्यापासून दूर कुठे नाही, आणि तो सोडवण्याची साधनेही आपल्या दारात आहेत. गोळ्यांचे पर्यावरणाचे देणेही मोजायला हवे. खनिजापासून बनवलेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि सुमारे वीस गिगाज्यूल ऊर्जा लागते. टनामागे एक किलो गोळे झिजले तर पाच-सहा युनिटांइतकी ऊर्जा पोलादाच्या रूपात गिरणीत विरून जाते. ती विजेच्या बिलात दिसत नाही, म्हणून ती खर्च होत नाही असे नाही.

श्रोतेहो, खाणीतला धातू एकदाच निघतो. टेलिंगच्या तळ्यात गेलेला शिशाचा, जस्ताचा किंवा तांब्याचा अंश पुन्हा काढण्याचे प्रयत्न होतात, पण महाग पडतात आणि बहुधा अपुरे राहतात. म्हणून खाणउद्योगातल्या आणि त्याच्या प्रयोगशाळांतल्या सर्वांना माझ्या तीन विनवण्या आहेत. फ्लोटेशनच्या प्रत्येक अहवालात, दळण कोणत्या माध्यमाने आणि कोणत्या पाण्यात झाले याची नोंद सक्तीची करा. गोळ्यांच्या निविदेत टनामागच्या भावाशेजारी झीज, वीज, रसायने आणि रिकव्हरी यांचा एकत्रित खर्च मागा, आणि तो चाचणीने सिद्ध करायला सांगा. आणि गोळ्यांच्या खरेदीवर सही करताना धातुकर्म विभागाचा माणूस त्या टेबलावर बसलेला असू द्या. यातल्या एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांनी त्या याच वर्षी सुरू कराव्यात.